आत एक खिसा

पाच हौदाची घंटा वाजून थांबली
आणि शांतवन सर दुकानाची पायरी चढले,
आधी छत्री, मग उजवा पाय, मग उरलेले सर.
पेपरात फोटो आला होता. बोहरी आळीपासून
गंज पेठेपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं,
आपले सर राज्यपाल.
कुठले, ते मात्र ज्याचं त्याचं वेगळं.
"लांब आहे," सर म्हणाले, "डोंगरात. अस्तर जाड घाल."

गळ्यातली टेप काढली.
छाती अडतीस.
वडिलांच्या वहीत जुनी नोंद आहे, बेचाळीस.
रेव्हरंड शांतवन उजागरे, पांढरा झगा,
आणि खाली बारीक अक्षरात,
उजवी बाही दोन बोटं लांब, हात फळ्यावर जातो.
मधले चार इंच कुठे गेले
ते विचारायची माझी टाप नाही.
सातवीला मी दोनदा बसलोय त्यांच्या वर्गात.

"तिथं काम काय असतं, सर?"
"सही."
"आणि?"
"फीत कापायची. लोक उभे राहतात
म्हणून आपणही उभं राहायचं.
त्यांनी लिहून दिलेलं भाषण
माझं सरकार, माझं सरकार म्हणत वाचायचं.
ऱ्हस्वदीर्घ चुकलं असलं तरी वाचायचं."
हे म्हणताना त्यांचा खांदा
माझ्या टेपखाली अर्धा इंच आखडला.

"आणि एखादा कागद पटलाच नाही तर?"
"परत पाठवता येतो."
सर हसले. पुढचा दात आता नाही.
"एकदा. तसाच फिरून आला, तर मुकाट सही."

एकदा!
माझी निबंधाची वही, विषय माझी आई,
सात वेळा परत आली होती.
लाल शाईत दोनच शब्द, पुन्हा लिही.
पहिल्यांदा आई वात्सल्यसिंधू होती,
दुसऱ्यांदा नंदादीप,
तिसऱ्यांदा शेजारच्या पोराच्या वहीतून उतरवलेली कुणाची तरी आई.
सातव्यांदा वैतागून लिहिलं,
ती रात्री बारापर्यंत काजं करते,
तिचं मनगट इस्त्रीला भाजलंय
आणि तो राग ती माझ्यावर काढते.
त्याखाली सरांनी शेरा दिला नाही.
नुसती सही.
आई गेली त्या वर्षी ती वही मी शोधून काढली.
अजून गल्ल्याखाली आहे, उसनवारीच्या चिठ्ठ्यांबरोबर.

कापड काळं ठरलं, बंद गळ्याचं.
सरांनी ते नाकाशी धरलं, नव्या पुस्तकासारखं.
"खिसे?"
"आत डावीकडे एक, पेनाला," मी म्हणालो.
"बाहेर नकोत, फोटोत फुगतात."
"आत उजवीकडेही दे."
"तिथं काय ठेवणार, सर?"

सरांनी तळहात पुढे केला,
छडीसमोर आम्ही करायचो तसा.
अंगठ्याच्या पेरावर जुनी, गुळगुळीत, दबलेली जागा.
"खडू," ते म्हणाले. "हात रिकामा असला
की मला बोलायला सुचत नाही.
वेदीपुढे उभा असायचो तेव्हाही
झग्यात एक तुकडा असायचा.
देवाला माहीत होतं. बिशपना नव्हतं."

मुलगा फिसकन हसला. मी नाही.
मी माझा खडू उचलला, शिंप्याचा, चपटा,
कापड टेबलावर पसरलं
आणि त्या एवढ्या मोठ्या काळ्यावर
खिशाची रेघ ओढली.

सर चष्म्यावरून बघत होते.
"वाकडी आहे. पुन्हा."

पुसली. ओढली.
"पुन्हा."

"सर," मी म्हणालो, "राज्यपालांना
एकदाच परत पाठवता येतं."

"शपथ गुरुवारी आहे," सर म्हणाले.
"आज सोमवार."