हौदा?

वडगावात, सातेरीच्या वाइंडिंगच्या दुकानात
दिवे लागले की माहितीचा बाजार भरतो.

कल्लाप्पा मोबाईल नाकाशी धरून वाचतो:
ऑक्टोपसला तीन काळजं असतात.
आम्ही म्हणतो, हौदा?
मराठीत तेवढं आश्चर्य मावत नाही.

शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षाहून मोठा.
हौदा?
मग पगार कसा धरायचा, भरमाण्णा विचारतो.
केळं म्हणे बेरी, आणि स्ट्रॉबेरी नव्हे,
यावर चहा गार होईपर्यंत भांडण.

सातेरी कधी बोलत नाही. परवा मात्र
जळका पंखा उघडताना म्हणाला,
"ह्यातली तांब्याची तार सोडली
तर मारुतीच्या देवळापतोर जाईल."
कुणी हौदा म्हटलं नाही.
मोबाईलात नव्हतं ते.

म्हणून रात्री नऊला सोडलीच.
तुटेल तिथं गाठ मारत,
वार्निशचा करपट वास बोटांना,
पोरं पुढं, कुत्री मागं.
देऊळ झालं, पिठाची गिरण झाली,
तार संपली नीलव्वाच्या दारात.

तिनं माग थांबवला. सगळं ऐकून घेतलं.
"एवढंच? ह्या एका लुगड्यातलं सूत सोडा,
खानापूर ओलांडून जाईल.
चाळीस वर्सं विणतो की मी. विचारलंय कुणी?"

कल्लाप्पाचा हात खिशाकडं गेला,
तपासायला.
तिथंच राहिला.

माग पुन्हा सुरू झाला. त्या खडखडाटात
कोण काय म्हणालं, कळलं नाही.
तिचं तेवढं ऐकू आलं:
"तार गुंडाळा आधी. पहाटे दूधवाला पडंल."