निवडणी

सावळजच्या शेडात ट्यूब दिवसाही जळते.
पट्ट्यावरनं बेदाणा येतो, आम्ही अकराजणी
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा पायाशी, घमेल्यात.
काळा गोडीला कमी नसतो. खाऊन बघितलाय,
मुकादमाची पाठ वळल्यावर.

श्रावणात खात्यावर पहिल्यांदा सरकारचे पैसे आले.
सुगंधा वायदंडेनं नातवाला चष्मा केला,
मी गॅसची टाकी भरली.
गावानं ते पैसे मोजले
आमच्या तोंडाकडं बघून.

टपरीवर : आता ह्या कशाला येतील रोजगाराला?
डेरीत : धान्य फुकट, घर फुकट, आता हेबी.
मोबाइलवर चित्र आलं,
बाजेवर लोळणारी बाई, काळीकुट्ट,
कपाळावर निळी टिकली.
आळीचं नाव लिहायची गरजच नव्हती.
माझ्या पोरानंच दाखवलं. हसला आधी.
मग माझ्याकडं बघून
मोबाइल पालथा ठेवला.

तेव्हा दहा तास उभी राहून आले होते मी.

पैसे तर वरच्या आळीच्या मालनवहिनींनाही येतात.
बारा एकर बाग, दारात ट्रॅक्टर.
त्यांनी भिशी लावली. कुणी फुकटी म्हणालं नाही.
मीही म्हणणार नाही.
स्वतःचे म्हणून तिच्या हातात
तेवढेच असतील कदाचित.

दिवाळीनंतर मालकानं किलोमागं आठ आणे कापले.
सरकार देतंय की तुम्हाला, म्हणाला.
वहीत तसं लिहिलं नाही.
वहीत नुसता आकडा.

मग पडताळणी.
घरात चारचाकी? ग्रामसेवकानं मान वर न करता विचारलं.
दिराचा टेंपो, हप्त्यावरचा, घर नंबर एकच.
नाव गेलं.
सुगंधाचंही गेलं. का, ते ग्रामसेवकालाही माहीत नाही.
मालनवहिनींचं राहिलं.
ट्रॅक्टर चारचाकीत धरत नाहीत म्हणे.

आठ आणे मागायला गेलो आम्ही दोघी.
पैसे बंद झाले मालक, दर तेवढा परत करा.
त्यानं चष्मा पुसला.
त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

सुगंधा येऊन पट्ट्यापाशी उभी राहिली.
बराच वेळ नुसत्या काड्या वेचत होती.
मग वाकली, घमेल्यातनं मूठभर काळे उचलले
आणि सोडले हिरव्यात.

मुकादम फोनवर होता.
मी बघितलं. काही बोलले नाही.
पेटीवर चिकटपट्टी बसली,
वर लेबल : एक नंबर.