तासांचं खातं

मंगळवारी दोनच्या ठोक्याला मी पाच जिने चढते.
लिफ्ट बसणार, असं कमिटी आठ वर्षं म्हणते आहे.
तळमजल्यावरचे पैसे द्यायला तयार नाहीत,
आणि त्यांचं तरी काय चुकलं?

यान उस्ताद दार उघडंच ठेवतात.
बॉयलरपाशी चाळीस वर्षं काढली,
कान तिथेच ठेवून आले.
मी ओरडते, "जेवलात का?"
ते म्हणतात, "मंगळवार."

नखं कापली. अर्धा तास.
गोळ्या डबीत भरल्या, रात्रीची अर्धी तोडून. पाव तास.
मग फोन.
पेन्शनीसाठी दरवर्षी
जिवंत असल्याचं फोनला पटवून द्यावं लागतं.
चेहरा चौकटीत आणा. तोंड उघडा. पापण्या मिटा, उघडा.
त्यांच्या पापण्या मुळातच अर्ध्यावर आलेल्या.
ओळख पटली नाही.
ओळख पटली नाही.
चौथ्या खेपेला मी दोन बोटांनी
पापण्या वर धरल्या, हलकेच,
आणि हिरवी खूण उमटली.
नानजिंगच्या दप्तरात उस्ताद आणखी एक वर्ष जगले.
या कामाला फॉर्मात रकाना नाही.
मी "इतर" लिहिलं.

माझ्या खात्यावर चारशे बारा तास जमा आहेत.
आज द्यायचे, थकल्यावर काढायचे.
व्याज नाही.
मुलगी टोरंटोहून विचारते, आई, बँक बुडाली तर?
तिच्याकडे सकाळ असते, घाईची.
मी म्हणते, तुझ्या मुलांचे दात आले का ते सांग.

खोटं का बोलू, मलाही हिशेब येतो.
गल्लीतली बालवाडी बंद पडली,
तिथे आता म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण असतं.
बाकं तीच, बुटकी,
भिंतीवर बदकंही तीच.
बसताना गुडघे हनुवटीला लागतात.
मी नव्वदीची होईन
तेव्हा हे जिने चढायला
कुणाचे गुडघे शिल्लक असतील?

निघताना उस्तादांनी वही मागितली.
भिंग लावून वाचली, बोटाने ओळ धरून.
"गप्पा : एक तास" यावर बोट थांबलं.
"हा खोड," म्हणाले,
"बोललो मी. ऐकलंस तू.
हा माझ्या खात्यावर लिही."

खोडला.
चारशे अकरा.
जिना उतरताना आठवलं,
खाली टोपलीत कांद्याची पात राहिली होती,
त्यांच्यासाठी आणलेली.
परत वर गेले. पाचही जिने.
ते कशातच धरले नाहीत.