कवडसा

सकाळी साडेसहाला नाईल ओलांडायची.
नऊ माणसं, नऊ टोप्या, पाण्याच्या नऊ बाटल्या.
माझ्या हातात काठी, काठीला पिवळा रुमाल.
चुकलात तर याच्याकडे बघा, मी सांगते,
सूर्याकडे नको, तो इथे सगळ्यांनाच दिसतो.

देवळात खांब मोजून होतात.
कुणीतरी विचारतंच, एवढे दगड वर चढवले कुणी?
माणसांनी, मी म्हणते.
त्यांचा चेहरा उतरतो.

संग्रहालयात काचेआड एक चप्पल आहे,
गवताची, डाव्या पायाची, अंगठ्याशी झिजलेली.
तिच्यासमोर मला बोलता येत नाही.
वेळापत्रकात तिला चार मिनिटं आहेत.

अकराला डोंगर.
राजांच्या थडग्यांत गर्दी, तिकडे आम्ही जात नाही.
आम्ही जातो एका कोठावळ्याकडे,
ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे दाणे मोजले
आणि मेल्यावर भिंतीवर स्वतःचं शेत काढून घेतलं.
वीज तिथे एकदा आली होती. तार उंदरांनी खाल्ली.
म्हणून दाराशी अम् बखीत
(अम् म्हणजे काका, पगारपत्रकावर नुसता रखवालदार)
आणि त्याच्या हाती कपाटाच्या दाराचा आरसा,
कडेला अजून बिजागरीची भोकं.

तो ऊन झेलतो, तोलतो, आत ढकलतो.
आत वळणावर त्याचा भाचा शाझली
चंदेरी कागदाने मढवलेला पुठ्ठा घेऊन उभा,
तो ते पुढे देतो, तहानलेल्याला तांब्या द्यावा तसं.
मग भिंतीवर कवडसा चढू लागतो:
बदकं,
कणसं,
कोठावळ्याची बायको, नाकाशी कमळ,
त्याचा वास तिचा अजून घेऊन झालेला नाही.
आणि शेवटी तराजू. या पारड्यात काळीज, त्या पारड्यात पीस.
माझं नाव इन्साफ.
त्याचा अर्थ सांगितला की इथे कुणीतरी हसतंच.

मागच्या मंगळवारी एका बाईने विचारलं,
यांना स्वतःला यातलं काय आवडतं?
मी अरबीत विचारलं.
अम् बखीत म्हणाला, मी नीट बघितलंच नाही.
मी आत गेलो तर ऊन कोण धरणार?
सतरा वर्षं.
बॅटरी घेऊन गेलो होतो एकदा.
बॅटरीच्या उजेडात सगळेच चोर दिसतात.

मी आरसा घेतला.
जड होता, तापलेला होता.
ऊन हातात राहत नाही, माशासारखं निसटतं.
तो चपला काढून आत गेला,
मशिदीत जावं तसा नाही,
शेजाऱ्याकडे उसनं मागायला जावं तसा,
पडल्या खांद्यांनी.

माझे दंड भरून आले.
नऊ जण सावलीत संत्री सोलत होते.
खालून बसवाल्या गिर्गिसने दोनदा भोंगा वाजवला.
मी हलले नाही, म्हणजे मला तसं वाटलं.

तो बाहेर आला. डोळे पुसले. धूळ, म्हणाला.
मग आरसा परत घेतला,
गलाबियाच्या टोकाने माझ्या बोटांचे ठसे पुसले
आणि सांगितलं:
फार खाली धरलास. बदकं अंधारातच राहिली.
आणि हात कापत होता तुझा,
ती बाई सारखी श्वास घेत होती.

यांना टिप किती द्यायची, मागून कुणीतरी विचारलं.
मी आकडा सांगितला. रोजचाच.

तेव्हापासून मात्र एक झालंय.
तराजू दाखवून झाला, माणसं वळू लागली
की बाहेर अम् बखीत आरसा थोडा कलता करतो.
कवडसा खाली उतरतो, पार जमिनीलगत,
जिथे चित्र संपतं असं मी इतकी वर्षं समजत होते.
तिथे लव्हाळ्यात एक बेडूक बसलाय,
अंगठ्याएवढा, हिरवा.
त्याच्याबद्दल काय सांगायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.