वांग्याच्या सालीचा रंग

केंटकीचा नकाशा रंगवायचं काम माझ्याकडे आलं
फेब्रुवारीत, तळमजल्यावर, हीटर खोकत असताना.
दातांच्या डॉक्टरांनी दर हजार माणसांमागे
किती गोळ्या लिहिल्या दुखण्याच्या, किती कॅप्सूल जंतूंच्या.
थोड्या असतील तर फिकट जांभळा,
फार असतील तर वांग्याच्या सालीसारखा.

विद्यापीठाच्या गावाभोवती सगळं फिकट.
तिथे सकाळी दाढ ठणकली की दुपारी खुर्ची मिळते.
मग पूर्वेला कोळशाचे डोंगर लागले
आणि रंग दाटत गेला.
सगळ्यात गडद जिल्हा माझाच निघाला.

तिथे डॉक्टर हॉबर्ट येतात एक गुरुवार सोडून,
चर्चच्या तळघरात, घडीची खुर्ची घेऊन.
पन्नासांतले वीस बघून होतात, तोवर अंधार.
उरलेल्यांना म्हणतात, "आधी सूज उतरू दे,"
आणि हातात कागद.
पुढची खेप पंधरा दिवसांनी,
मधे बर्फ पडला तर तीही नाही.
माझ्या तक्त्यात बर्फाला रकाना नाही.

म्हणून मी त्यांची बाजू घेणार होते.
तेवढ्यात व्हर्लिन आठवला.
सतरा वर्षांचा माझा भाऊ, अक्कलदाढ काढलेली,
गालावर गोठलेल्या मटारची पिशवी,
तशातही हसत होता.
तीस गोळ्या मिळाल्या. सहा लागल्या.
चोवीस आईने आरशामागच्या कपाटात ठेवल्या.
"लागतील कधी."
आमच्याकडे टाकून देणं म्हणजे पाप.

लागल्या.
कधीपासून, ते कळलं नाही.
एका रात्री आईने बाटली हलवली
आणि आवाज आला नाही.

डॉक्टरांपुढे दाताच्या कण्या
तिनेच केल्या होत्या, हे मला ठाऊक आहे.
मी शेजारीच उभी होते, तिचा कोट धरून.
"जरा जास्तच लिहा, डॉक्टर. रस्ता लांबचा आहे."
त्यांनी पेन थांबवलं,
खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं,
आणि वीसचे तीस केले.

"डेल्फिया," रेनफ्रोबाई खांद्यावरून वाकून म्हणाल्या,
"हा एकच इतका काळा कसा? आकडा बघ पुन्हा."
बघितला. बरोबर आहे.
मी काही बोलले नाही.
जीभ तेवढी मागे गेली, हिरडीतल्या
माझ्या स्वतःच्या मोकळ्या जागेपाशी,
आणि सवयीने
दुखतंय का ते चाचपून आली.