गोडं पाणी

मिशारीनं तो सिनेमा आज सत्ताविसाव्यांदा लावला.
न्हाव्याच्या दुकानात काचेची पेटी,
पेटीत आठ मासे,
दिवसभर लोकांचे केस गळताना बघतात
आणि शुद्ध अरबीत समुद्राच्या गोष्टी करतात.
आमच्या मालवणात मासे बोलले असते
तर आम्ही पोरं उपाशीच मेलो असतो.
हे मी त्याला सांगत नाही,
माझं अरबी तेवढं लांब जात नाही,
आणि ओट्यावर त्याच्याच जेवणाची झुबैदी
लिंबू चोळून ठेवलेली.

शेवटी दुकानाला आग लागते,
बंबाचं पाणी रस्ताभर होतं,
त्यातून आठही जण पोहत पोहत थेट बंदरावर.
ताशे वाजतात. मिशारी रडतो.

आज मात्र उठला,
आपला सोनेरी मासा दात घासायच्या मगात काढला,
म्हणाला, "बद्मिनी, चल."
या घरात कुणालाच प येत नाही.

रस्ता ओलांडला की सालमियाचा समुद्र.
मगरिबची बांग झालेली,
तरी वारा भट्टीच्या तोंडचा.
हेच पाणी पुढं कधीतरी
माझ्या भावाच्या जाळ्याला लागत असणार.
परवा फोनवर म्हणाला,
"बांगडो गावलो नाय गो, पैशे धाड."

मग कलंडायच्या आत मी त्याचं मनगट धरलं.
हा मासा खाऱ्यात घटकाभर टिकायचा नाही.
प्लास्टिकच्या पिशवीतून आला, नळाच्या पाण्यात वाढला,
आणि इथलं नळाचं पाणी म्हणजे तरी काय,
समुद्रच,
मीठ काढून घेतलेला.
"ला," म्हटलं. "मिल्ह. मौत."
नको. मीठ. मरण.

त्यानं बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं.
"तुझ्या गावचा समुद्र खारा असतो?"
हो.
"मग तू मरत नाहीस?"

मागल्या सुट्टीत घरच्या विहिरीचं पाणी प्याले
आणि आठ दिवस तापात.
आई उशाशी बसून म्हणाली,
पाणी बाधलं गो तुका.
आपलंच पाणी.

मगावर तळवा धरून परत आलो.
मासा भांड्यात गेला,
एक फेरी मारून तिथंच थांबला.
रात्री झुबैदीचे काटे मी काढून दिले.
दोन तुकडे खाल्ले मिशारीनं,
तिसरा मागितला.