हायब्रीड

दोनशे साठ पौंड. वर एक पेनी नाही,
असं मीर्सब्रुकच्या उतारावर स्वतःला बजावलं
आणि दुकानात शिरले.

आत रबराचा वास.
जालन्यात तासावर सायकल देणाऱ्या खलीलभाईंच्या टपरीतला,
फक्त तिथे त्यात बिडीही असायची.

"कुठे जायचं असतं, लव्ह?" क्लिफर्डनं विचारलं.
शेफिल्डमध्ये सगळेच लव्ह म्हणतात,
मीटर वाचायला येणारासुद्धा.
पहिल्या वर्षी मी दचकायचे.

सांगितलं: नॉर्दर्न जनरल. रक्ततपासणीची लॅब. सातची पाळी.
सहाची बस आठवड्यातून दोनदा येतच नाही
आणि न येणाऱ्या बसचेही पैसे पासातून जातात.

त्यानं चष्मा कपाळावर ढकलला.
"म्हणजे एक टेकडी उतरायची, दुसरी चढायची.
मग तुम्हाला हायब्रीड."

हा शब्द इथे भेटेल असं वाटलं नव्हतं.
आमच्याकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी.
आप्पा बियाण्यांच्या गोदामात काट्यावर बसायचे,
संध्याकाळी कानामागेसुद्धा गुलाबी औषधाची पूड.
त्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरायची.
आत्या म्हणायची, "चव म्हणून नाही मेलीला."
आणि कवायतीत चक्कर येऊन पडलेल्या पोराला मास्तर,
"हायब्रीड खाऊन वाढलेली पिढी!"
आम्ही हसायचो. डब्यात तीच असायची.

क्लिफर्डला यातलं काय माहीत.
तो सांगत होता, "चाक रस्त्याच्या सायकलीचं,
बसणं डोंगरातल्या सायकलीचं.
ना धड ही, ना धड ती. पण रोज चालते."

पहिली निळी. पुढे जाडजूड स्प्रिंग, दिसायला पैलवान.
"ही स्प्रिंग तुम्हाला वाहणार नाही," तो म्हणाला,
"तुम्हीच तिला चढावर वाहाल."
असा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही.

दुसरी हिरवी, डिस्क ब्रेकची.
ब्रेक एकदा दाबून बघितला,
लोण्यात सुरी जावी तसा.
मग किमतीची चिठ्ठी होती तशी उलटी करून ठेवली.

तिसरी कोपऱ्यात. करडी, वापरलेली,
कुण्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंची.
दांड्यावर एक लांब ओरखडा,
साधे रबरी ब्रेक, चोवीस गिअर,
मडगार्ड आहेत, मागे कॅरिअर आहे.
एकशे पंच्याऐंशी.
कुलूप चाळीस. दिवे बावीस.
हेल्मेट लॅबमधल्या नसरीननं आधीच देऊन टाकलंय,
तिच्या मुलाचं डोकं मोठं झालं म्हणून.

"एक चक्कर मारून या."
सीट त्यानं वर घेतली, पुरते पाय टेकेनात.
मी कैची मारत शिकलेली,
दांड्याखालून एक पाय घालून, वाकडी, खेकड्यासारखी.
सीटवर पोचायला दोन उन्हाळे लागले होते.
आता गल्लीच्या टोकापर्यंत गेले
आणि वळताना, कारण नसताना, हसू आलं.

तेरा पौंड उरत होते.
चारची घंटी घेतली.

सोमवारी साडेपाचला निघाले. अंधार.
उतार कसा संपला कळलं नाही,
डोळ्यांतून पाणी, गारठ्याचं.
मग बार्न्सली रोडचा चढ.
सगळ्यात हलक्या गिअरवर पाय शिलाई मशीनसारखे,
वेग मात्र असा की फिरायला निघालेलं एक म्हातारं कुत्रं
मला ओलांडून गेलं. मालकानं माफी मागितली.
उतरले नाही.
म्हणजे एकदा उतरले, पण ते खांबाआड,
तिथे बघायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी बस म्हणे अगदी वेळेवर आली होती.

नसरीननं विचारलं, कशी आहे?
मी म्हटलं, पोट भरणारी आहे.
तिला काही कळलं नसावं.
पहिली नळी उचलली तेव्हा
बोटं अजून हँडलच्या आकाराची होती.